वाचकांचे प्रश्न: एडिनबर्गहून नॉर्थ बेरिकला एक दिवस

मुलगी एडिनबर्गला शिकते. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. समुद्रकाठच्या एखाद्या गावी सकाळी जाऊन रात्री परत यायचं आहे, पण गाडी भाड्याने घ्यायची नाही. कुठे जावं? (पुणे)

नॉर्थ बेरिकला जा. वेव्हर्ली स्टेशनातून थेट गाडी आहे, अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. साधारण तासाला एकच गाडी असते, म्हणून परतीच्या वेळा आधीच पाहून ठेवा. सकाळी लवकर निघायला हरकत नाही. गर्दीच्या वेळचं जादा भाडं स्कॉटलंडच्या रेल्वेने, स्कॉटरेलने, 1 सप्टेंबर 2025 पासून कायमचं बंद केलं आहे. नॉर्थ बेरिक हे फाट्यावरचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे डुलकी लागली तरी पुढे जायची धास्ती नाही. स्टेशनावरून बंदर चालत दहा-पंधरा मिनिटांवर, तेही उताराने. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा घाई करू नका.

नॉर्थ बेरिकसमोरच्या समुद्रातल्या बास रॉक या पक्ष्यांच्या खडकाला बोटीने जाता येतं म्हणे. सासूबाई सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांना न्यावं का? आणि पक्षी नक्की कधी दिसतात? (ठाणे)

न्यावं, पण बोट कुठली घेता यावर सगळं आहे. खडकाला फेरी मारून साधारण तासाभरात परतणारी कॅटामरान (जोड-सांगाड्याची बोट) त्यांच्यासाठी ठीक. रबरी कडांची वेगवान बोट लाटांवर आपटत जाते. पाठ-गुडघ्यांची तक्रार असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. खडकावर उतरवणाऱ्या मोजक्या फेऱ्या तर त्यांच्यासाठी नाहीतच, कारण हलत्या बोटीतून ओल्या, निसरड्या पायऱ्यांवर पाय टाकावा लागतो. फेरीची बोट निघाली तरी लाटांच्या चढउतारामुळे खडकावर उतरणं रद्द होतं, असं पुष्कळदा घडतं.

बंदराचं तोंड उघड्या समुद्राकडे आहे. उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून वारा असला की ऊन पडलेलं असूनही फेरी रद्द होते. म्हणून बोटीचं आरक्षण आधी करा आणि बाकीचा दिवस तिच्या वेळेभोवती बसवा. ओहोटीला बंदर कोरडं पडतं, तेव्हा बोट बाहेरच्या धक्क्यावरून सुटू शकते. कुठून सुटणार हे तिकीट घेतानाच विचारा. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. टोपी घाला, पक्षी वरून शिटतात. वास माशांचा आणि विष्ठेचा, आणि तो खडक जवळ येण्याआधीच येतो.

तिथे दिसतो तो गॅनेट हा समुद्रपक्षी: पांढरा, पंखांची टोकं काळी, पंख पसरले की जवळजवळ 1.8 मीटर. फेब्रुवारीत येतात, ऑक्टोबरपर्यंत जातात. जूनमध्ये पिल्लं असतात. 107 मीटर उंचीचा हा खडक उन्हाळ्यात दुरून पांढरा दिसतो, तो पक्ष्यांमुळे आणि त्यांच्या विष्ठेमुळे. गॅनेटच्या शास्त्रीय नावातलं ‘बासानस’ याच खडकावरून आलं.

2014 च्या मोजणीत इथे 75 हजारांहून अधिक जागी जोड्या बसलेल्या आढळल्या होत्या. ‘नॉर्दर्न गॅनेट’ या जातीची ही जगातली सर्वांत मोठी वसाहत ठरली. 2022 मध्ये बर्ड फ्लू आला आणि 2023 मध्ये आकडा 52 हजारांच्या आसपास उतरला. बोट कड्याखाली मंदावते तेव्हा पक्ष्यांचे डोळे पाहा. गॅनेटची बुबुळं एरवी फिक्कट निळी असतात. काहींची काळी किंवा काळे डाग पडलेली दिसतील. असे बरेच पक्षी फ्लूतून वाचलेले असल्याचं रक्ततपासणीत आढळलं आहे. लांब लेन्सचा कॅमेरा असेल तर तो इथेच कामी येतो.

रंगीत चोचीचे पफिन पक्षी हवे असतील तर क्रेगलीथ बेटाला वळसा घालणारी फेरी निवडा. ते जुलैअखेर समुद्रावर निघून जातात. ऑगस्टमध्ये गेलेले लोक हमखास निराश होतात.

मुलं आठ आणि अकरा वर्षांची. गावामागची टेकडी चढवेल का? (नाशिक)

सहज. नॉर्थ बेरिक लॉ 187 मीटर उंच आहे, जुन्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला दगड. पायथ्यापासून वीस-तीस मिनिटं, पण शेवटचा टप्पा उभा आहे आणि पावसानंतर गवत-चिखल घसरतो. चपला नकोत. माथ्यावर देवमाशाच्या जबड्याची कमान दिसेल. 1709 पासून तिथे खरी हाडं उभी केली जात. कुजलेली शेवटची जोडी 2005 मध्ये काढली. 2008 पासून आहे ती फायबरग्लासची.

आम्ही शाकाहारी. तिथे काय खावं? (डोंबिवली)

समुद्रकाठी सगळीकडे ‘फिश अँड चिप्स’. नुसते चिप्स घेतले म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका. स्कॉटलंडमधल्या बऱ्याच दुकानांत ते गाईच्या चरबीत तळतात. ‘कशात तळता?’ हे सरळ विचारा, कोणी रागवत नाही. तेलात तळलेले असले तरी कढई माशांचीच असते का, तेही विचारून घ्या. या भागात मिठाबरोबर व्हिनेगर घातलेला पातळ तपकिरी सॉस ओतून देतात. नको असेल तर पुडी बांधायच्या आत सांगा. पाव, चीज, फळं हाय स्ट्रीटवर मिळतात. किनाऱ्यावर खाताना समुद्रपक्ष्यांकडे लक्ष ठेवा, हातातला घास उचलून नेतात.

पाऊस किंवा धुकं असेल तर दिवस वाया? (मडगाव)

पाऊस परवडला. पूर्व किनाऱ्यावर वसंतात आणि उन्हाळ्यात उबदार हवा थंड समुद्रावरून आली की दाट धुकं चढतं. तेव्हा खडक पन्नास मीटरवरूनही दिसत नाही. एडिनबर्गात ऊन असताना इथे धुकं असू शकतं. अशा दिवशी बंदरावरच्या सीबर्ड सेंटरमध्ये जा. बेटांवरचे कॅमेरे तिथे बसून फिरवता येतात. त्यांनाही धुक्याचा अडथळा होतो, तरी वसाहतीतले कॅमेरे जवळचा पक्षी दाखवतात.

दुसरा पर्याय ईस्ट फॉर्च्यूनचं विमान संग्रहालय. ‘अल्फा अल्फा’ हे कॉन्कॉर्ड (आवाजाहून वेगवान प्रवासी विमान) तिथे 2004 पासून आहे. जवळ स्टेशन नाही. ड्रेम स्टेशनला उतरून टॅक्सी, आणि ती आदल्या दिवशी सांगून ठेवलेली बरी. गावाजवळचा टॅन्टालन किल्ला मात्र धुक्यात टाळा. चौदाव्या शतकातली त्याची भिंत सुमारे 15 मीटर उंच, मागे सरळ समुद्रात उतरणारा कडा. बास रॉक समोर दिसावा म्हणून तर लोक तिथे जातात. निघण्याआधी त्या दिवशी किल्ला उघडा आहे का आणि भिंतीवर सोडतात का, ते पाहून घ्या.