रिपोर्टचं बटण दाबलं की सगळ्याच विंडो काहून अटकतात

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा, की नागपूरच्या इतवारीतल्या होलसेल दुकानासाठी इलेक्ट्रॉनमध्ये (वेबपेजच्या कोडमधून डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन) बिलिंगचं ॲप बनवलं, टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या पाच-सहा प्रोसेस (वेगवेगळे चालणारे भाग) दिसून राहिल्या, आणि महिन्याचा जीएसटी रिपोर्ट काढला की रिपोर्टच्या विंडोसोबत बिलाची विंडोही 'नॉट रिस्पॉन्डिंग' होते. एवढ्या प्रोसेस आहेत तर एक अटकली तरी बाकीच्या चालायला पाहिजे नं, असं तुझं म्हणणं. म्हणणं बरोबर आहे, पण अटकली कोणती ते आधी पाहा.

टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये कॉलमच्या हेडिंगवर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' चालू कर. ज्या ओळीत टाइप म्हणून रेंडरर (पेज दाखवणारी प्रोसेस) दिसेल त्या तुझ्या विंडो, एक जीपीयू-प्रोसेस असेल, एखादी युटिलिटी असेल, ती बहुतेक नेटवर्कची. ही सगळी वाटणी क्रोमियमची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या आतल्या ब्राउझर इंजिनची आहे, क्रोम ब्राउझरमध्येही हेच दिसतं. आणि एक ओळ अशी राहील जिच्यात टाइपच नाही. ती मेन, म्हणजे ॲपची मुख्य प्रोसेस. आता रिपोर्ट दाब आणि सीपीयू कोणाचा चढते ते पाहा, माझ्या अंदाजानं त्या बिनटाइपवालीचाच.

कारण मेन पूर्ण ॲपमध्ये एकच असते. विंडो उघडणं-बंद करणं, मेनू, फाइल निवडायचा डायलॉग, विंडोजकडून येणारे क्लिक, सगळं तिच्याकडूनच जाते. आणि तू रिपोर्टची क्वेरी तिथंच बेटर-एसक्यूलाइट या एसक्यूलाइट डेटाबेसच्या लायब्ररीनं चालवून राहिला, जी सिंक्रोनस आहे, म्हणजे उत्तर येईपर्यंत तो थ्रेड (कामं एकामागून एक करणारी रांग) दुसरं काहीच करत नाही. गल्ल्यावरचा सेठच गोदामात पोती मोजायला गेला तर काउंटरवर दहा पोरं असूनही बिल निघत नाही, तसं झालं हे. तू लिहिलं की हँडलरला (विंडोची मागणी आली की मेनमध्ये चालणारं फंक्शन) असिंक लावून पाहिलं, फरक नाही पडला. पडणारच नाही बाप्पा, आतलं काम सिंक असेल तर समोर असिंक लिहिल्यानं थ्रेड मोकळा होत नाही, आणि रेंडररमधून इन्व्होकनं (मेनला मागणी पाठवून उत्तराची वाट पाहणारा कॉल) विचारलं तरी पलीकडे मेनच्या हँडलरमध्ये ते अडवूनच बसते.

आता उपाय. पण त्याआधी एक काम कर, तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (ओळी लवकर शोधायची डेटाबेसची सूची) आहे का पाहा, आणि हजारो ओळी जावास्क्रिप्टमध्ये आणून बेरीज करत असशील तर ती बेरीज एसक्यूएलमध्येच कर. अर्ध्या लोकांचा प्रॉब्लेम इथंच संपते आणि प्रोसेसच्या भानगडीत पडावंच लागत नाही. शिवाय एका प्रोसेसमधून दुसरीत पाठवलेला डेटा कॉपी होऊन जाते, मोठा ॲरे पाठवला तर तो वेळ वेगळा. फंक्शन तर जातच नाही, 'ऑब्जेक्ट क्लोन होऊ शकत नाही' असा एरर येतो तो याचाच.

एवढं करूनही जड वाटलं तर युटिलिटीप्रोसेस वापर, म्हणजे जड काम मेनच्या बाहेर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची इलेक्ट्रॉनची सोय, इलेक्ट्रॉन २२ पासून आहे. त्यात नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं, फाइल-डिस्क वापरू देणारं) पूर्ण चालते, फक्त फोर्क, म्हणजे ती प्रोसेस सुरू करणं, ॲप रेडी झाल्यावरच करायचा. मेसेज-पोर्ट (दोन प्रोसेसमधली थेट लाइन) देऊन रिपोर्टची विंडो त्याच्याशी थेट बोलू शकते, मेनला मधात पडायचं कामच नाही, आणि ही प्रोसेस क्रॅश झाली तरी बिलिंग चालूच राहते. फक्त डेटाबेस आता दोन प्रोसेस उघडणार, म्हणून एसक्यूलाइटचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायचे, म्हणजे वाचणं आणि लिहिणं सोबत चालते) चालू कर, नाहीतर रिपोर्ट चालू असताना बिल सेव्ह करायला गेला की 'डेटाबेस लॉक्ड' येईल. आणि फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली असेल (दुकानांमध्ये हे हमखास करतात) तर वॉल तिथं चालत नाही, मग ज्या मशीनवर फाइल आहे तिथंच छोटा सर्व्हर चालवून बाकीच्यांनी त्याला विचारायचं.

तुझ्या कोडमध्ये नोडइंटिग्रेशन (पेजला नोड वापरू देणं) चालू आणि कॉन्टेक्स्टआयसोलेशन (पेजचा कोड ॲपच्या आतल्या कोडपासून वेगळा ठेवणं) बंद दिसलं, ते कोण्या जुन्या व्हिडिओतून आलं असेल. पहिलं आवृत्ती ५ पासून आणि दुसरं १२ पासून डिफॉल्टनं बरोबर उलटं आहे आणि ते काही उगाच नाही, पेजमध्ये कुठून एखादी वाईट स्क्रिप्ट घुसली तर तिला सगळी डिस्क मोकळी. प्रीलोडमध्ये (पेजच्या आधी चालणारी तुझी स्क्रिप्ट) कॉन्टेक्स्टब्रिज या इलेक्ट्रॉनच्या सोयीनं पेजला 'रिपोर्ट दे', 'बिल सेव्ह कर' अशी मोजकी फंक्शन उघडी कर, पूर्ण आयपीसी-रेंडररच (मेनला कोणताही मेसेज पाठवू शकणारं मॉड्यूल) बाहेर देऊ नको, आणि आलेली तारीख-रक्कम हँडलरमध्ये तपासून घे.

इलेक्ट्रॉन सोडून टॉरी या तशाच दुसऱ्या साधनावर जाऊ का, हेही विचारलं. इन्स्टॉलर लहान होईल, हे खरं, पण विंडोजवर तो वेबव्ह्यू-२ (मायक्रोसॉफ्टचं पेज दाखवणारं इंजिन) वापरते, त्याच्याही मागे क्रोमियमच्या तशाच प्रोसेस असतात. दुकानातलं ४ जीबीचं मशीन असेल तर पाच विंडोऐवजी एका विंडोत टॅब कर, त्यानं जास्त फरक पडेल. इंडेक्स टाकून किती वेळ लागला ते इथं लिही, मग युटिलिटीप्रोसेसचं पाहू.