समुद्राचं प्लॅनिंग शिकताय? नकाशा नंतर उघडा

मित्रा, समुद्राचं प्लॅनिंग म्हणजे कुठल्या भागात मासेमारी, कुठे जहाजं, कुठे बंदी हे ठरवणं. सगळे नवीन लोक पहिल्याच दिवशी जीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून रंगीत पट्टे काढायला बसतात, तू तसं करू नकोस. जमिनीचा नकाशा सपाट असतो, समुद्राला खोली आहे आणि वेळ पण आहे, म्हणजे तळाशी केबल, मधे मासे, वर जहाजं, आणि प्रजननाच्या महिन्यात तीच जागा पूर्ण वेगळी वागते, हे एका लेयरमधे कधीच दिसत नाही.

आधी ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या पट्ट्याचं २००४ चं झोनिंग, म्हणजे कुठे काय चालेल याची विभागणी, नीट वाच. मासेमारीबंद भाग आधी ५ टक्क्यांपेक्षा कमी होता, तो साधारण ३३ टक्के झाला, पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे लोकांकडून ३१ हजारांहून जास्त लेखी सूचना आल्या आणि त्या बघून सीमारेषा खरंच बदलल्या. मार्क्सान सॉफ्टवेअर वापरलं होतं, पण ते कुठले भाग राखायचे याचे फक्त पर्याय सुचवतं, निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या बॉस्टन बंदराचं. तिथे २००७ मधे जहाजांचा मार्ग थोडा उत्तरेला सरकवला कारण जुन्या मार्गावर व्हेल जास्त दिसायचे. बंदर चालूच राहिलं, धडकेचा धोका कमी झाला. दरवेळी बंदीच हवी असं नाही रे, कधी नुसती रेघ हलवून काम होतं.

आणि छोट्या मच्छीमारांशी स्वतः जाऊन बोल, त्यांच्या बोटींवर बहुतेकदा ट्रॅकिंग नसतं, त्यामुळे डेटात त्यांची जागा रिकामी दिसते आणि मग तिथेच कोणीतरी पवनचक्क्या आखून मोकळं होतं.