नदी एक, खाती अनेक

प्रश्न : धरण एका खात्याकडे, पाणीपुरवठा दुसऱ्याकडे, प्रदूषण तिसऱ्याकडे. ही मंडळी एकत्र बसल्यानं नदीला खरंच फायदा होतो का?

उत्तर : होतो, पण नुसत्या बैठकांनी नाही. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणीच कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइन नदीत उतरलं. ईल मासे ढिगांनी मेले, प्रवाहाच्या खालच्या बाजूच्या देशांत नदीतून पाणी उचलणं थांबवावं लागलं. काठच्या देशांचा संयुक्त आयोग १९५० पासून होताच. खरी धार मात्र १९८७ च्या कृती कार्यक्रमानं आली. २००० पर्यंत सॅमन मासा, जो अंडी घालायला समुद्रातून नदीत वर चढतो, नदीत परतला पाहिजे, हे उद्दिष्ट मला फार आवडतं. मासा यायचा तर पाणी स्वच्छ हवं आणि बंधाऱ्यातून वाटही हवी. एकट्या खात्याला ते जमणारच नाही.

मी पाण्याचे नमुने तपासत आले आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायला बाटली भरताना आत एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो. दोन प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असतील, तर वाद नदीचा न राहता आकड्यांचा होतो. म्हणून आधी तपासणीची पद्धत एक करा. आणि वरच्या धरणावरून रात्री दोन वाजता खालच्या जलशुद्धीकरण केंद्रात फोन कोणी कोणाला करायचा, ते नावानिशी लिहून ठेवा.