बारावी सायन्स झाली, गाव यवतमाळ जिल्ह्यात. एक्स-रे टेक्निशियन होण्यासाठी काय बघावं?

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असेल तर डिप्लोमा किंवा बीएस्सी कर. फी भरण्याआधी एवढं नक्की बघ: कॉलेजचं स्वतःचं चालतं हॉस्पिटल आहे का? माझ्या पहिल्या कॉलेजात मशीन कुलपातच होतं, अख्खं वर्ष वाया गेलं. हात पेशंटवरच बसतो रे. कापूस वेचताना पडलेली आजी मनगट हलवू देत नाही. तेव्हा टेबल तिच्या खांद्याएवढं उंच घे, कोपर अलगद टेकव, मग तळवा हळूच कॅसेटवर, म्हणजे एक्स-रे उमटतो त्या सपाट पेटीवर, पालथा कर. बाईमाणूस वयात असेल तर पोटुशी आहे का, हे आधी विचार. आणि टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला, छातीवर, लेडच्या (शिशाच्या) ॲप्रनच्या आत, रोज. किरणांत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी किरणांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) आहे.