स्ट्रिप पोकर नेमका कसा खेळतात? मालिकांमध्ये दाखवतात तसाच असतो का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसमधले सहा जण मिळून अलिबागला व्हिला घेताय, सगळे पंचविशीच्या पुढचे आहात आणि एकाने रात्री स्ट्रिप पोकर खेळायचं काढलंय. नियम काय असतात आणि परदेशी मालिकांत दिसतो तसाच हा खेळ असतो का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी कॉलेजपासून पोकर खेळतो. इंग्लंडला शिकायला होतो तेव्हा मित्रांच्या घरच्या पार्ट्यांत हा प्रकारही खेळलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक ठिकाणी जो खेळला जातो तो प्रकार अगदी सोपा आहे. प्रत्येकाला पाच पत्ते वाटायचे, नको असलेले तीनपर्यंत बदलून घ्यायचे आणि मग सगळ्यांनी पत्ते उघडायचे. ज्याचा हात (म्हणजे हातातले पाच पत्ते) सगळ्यात कमजोर, त्याने अंगावरची एक वस्तू उतरवायची. पुन्हा पिसायचं, पुन्हा वाटायचं. माझं स्पष्ट मत आहे की हा प्रकार खेळूच नये.

कारण यात पोकर कुठे उरतच नाही. बावन्न पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होऊ शकतात. त्यातल्या निम्म्या हातांत साधी एक जोडीसुद्धा नसते आणि आणखी ४२ टक्के हातांत जेमतेम एक जोडी असते. तेव्हा कपडे कुणाचे उतरणार हे जवळजवळ नशिबावर ठरतं. खरा पोकर चालतो पैज लावण्यावर, आणि त्याहूनही जास्त पत्ते टाकून देण्यावर. हात वाईट आला की थोडं सोडायचं, पत्ते पालथे टाकायचे आणि पुढच्या डावाची वाट बघायची. मुरलेला खेळाडू आलेल्या हातांपैकी बहुतेक हात असे टाकूनच देतो. 'सगळ्यात कमजोर हात हरला' या नियमात नेमकी तीच मुभा काढून घेतलेली असते. पत्ते वाटले की तुम्ही अडकलात. जिथे पैजेला कपडे लावलेत, तिथे माघार घ्यायची वाटच बंद करणं मला कधीच पटलं नाही.

चांगला प्रकार चिप्सचा. चिप्स नसतील तर काजू-बदाम किंवा काड्याही चालतात. प्रत्येकाला सारख्या, समजा दहा चिप्स द्यायच्या. दर डावाला प्रत्येकाने एक चिप मध्ये टाकायची. पत्ते वाटले की एकदा पैज, पत्ते बदलले की दुसऱ्यांदा पैज, मग शो. हात टाकून दिला तर तोवर मध्ये टाकलेल्या चिप्सच जातात, एवढंच. चिप्स संपल्या तरच कपड्याचा प्रश्न येतो. एक वस्तू बँकेत जमा करायची, तिच्या बदल्यात पुन्हा दहा चिप्स घ्यायच्या. पुढे जिंकलात की चिप्स देऊन आपली वस्तू सोडवून घेता येते. हे सोडवून घेणं फार महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे खेळ एकाच दिशेने घसरत नाही. मोजे दोन मिळून एक वस्तू की दोन, घड्याळ-अंगठी धरायची का, हे आधीच ठरवून घ्या. भांडणं यावरूनच होतात.

असं खेळलं की डावाला कशी मजा येते बघा. तुमच्याकडे पाच चिप्स उरल्यात. हातात नव्व्यांची जोडी, राजा, सत्ती, तिर्री. तुम्ही जोडी ठेवून तीन पत्ते बदलले, पण कामाचं काही आलं नाही. समोरच्याने मात्र एकच पत्ता बदललाय आणि आता चार चिप्स पुढे सरकवल्यात. एकच पत्ता बदलला म्हणजे त्याच्याकडे दोन जोड्या असतील, नाहीतर तो एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक असे, पाच पत्ते जुळवायला बघत होता. ते जुळलं असेल किंवा फसलं असेल. फसलं असेल तर तो शुद्ध हूल देतोय आणि तुमच्या नव्व्या जिंकतात. चार चिप्स भरून शो मागितलात आणि हरलात तर एक चिप उरते, म्हणजे पुढच्या एक-दोन डावांत स्वेटर जाणार. टाकून दिलंत तर पाच चिप्स शाबूत. आता तुम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघता, तो पाण्याच्या ग्लासकडे बघतो. कपड्यांमुळे पोकरला धार येते ती अशा वेळी.

दुसरी मुभा पत्त्यांच्या बाहेरची. कुणीही, केव्हाही, कारण न सांगता 'मी इथे थांबते' म्हणू शकलं पाहिजे. लीड्समध्ये एका डिसेंबरात आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळत होतो. आमच्यातली एक मुलगी शर्टापर्यंत आली, तिने पत्ते खाली ठेवले, खुर्चीवरचं जॅकेट चढवलं आणि म्हणाली, 'आता मी वाटते.' उरलेली रात्र तीच पत्ते पिसत होती, वाटत होती, चिप्सचा हिशेब ठेवत होती आणि सगळ्यांत जास्त हसतही होती. कुणी एका शब्दाने टोकलं नाही. थांबणाऱ्याला वाटप द्यायचं ही पद्धत मला तिथेच मिळाली. थांबलेला माणूस खेळातून उठत नाही आणि एकटाही पडत नाही.

आता मालिकांचं. 'फ्रेंड्स'च्या तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात, १९९७ साली, सगळे समुद्रकाठच्या घरी असतात. पोकरसाठी पत्ते नसतात, म्हणून 'हॅपी डेज' नावाच्या बोर्ड गेमवरच कपड्यांची पैज लावतात आणि जोई हरत जातो. पडद्यावर हा खेळ साधारण असाच दिसतो. पत्ते निमित्तमात्र, हरणारा विनोदी आणि संकोच कुणालाच नाही. लेखकाने कोण हरणार हे आधीच लिहिलेलं असतं, त्यामुळे तिथे हात टाकून द्यायची गरजच पडत नाही.

कॉम्प्युटर गेम्सनी तर समोरचा माणूसच काढून टाकला. अमेरिकेतल्या आर्टवर्क्स कंपनीने १९८२ मध्ये अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरवर स्ट्रिप पोकर आणला. १९८६ मध्ये ब्रिटिश मॉडेल-गायिका समान्था फॉक्सच्या नावाने मार्टेक कंपनीचा गेम कमोडोर ६४ आणि स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरांवर आला. जिंकलात की तिचा पुढचा फोटो, ठोकळ्याठोकळ्यांचा. तुम्ही हरलात तरी तुमचं काहीच जात नाही. लाजणं, थांबणं, हूल ओळखणं यातलं काहीही नाही.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते जपानच्या याक्यूकेन या नाच-खेळाचं. १९२४ मध्ये मात्सुयामाच्या इयो रेल्वेचा बेसबॉल संघ ताकामात्सुमध्ये सामना हरला. रात्रीच्या जेवणाला संघाचे व्यवस्थापक माएदा गोकेन यांनी एक गाणं जागेवर रचलं आणि खेळाडू बेसबॉलच्या कपड्यांत त्यावर नाचले. शेवटी दगड-कागद-कात्रीसारखी हाताची खूण करायची, बस्स. कपडे काढण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. १९६९ मध्ये निप्पॉन टेलिव्हिजनच्या एका विनोदी कार्यक्रमाने त्यात 'हरला त्याने कपडा काढायचा' हे घुसवलं आणि देशभर तोच अर्थ रुजला. मात्सुयामात आजही ऑगस्टच्या उत्सवात मूळचा नाच होतो, सगळे अंगभर कपड्यांत. पण नाव घेतलं की लोकांना आठवतं ते टीव्हीवरचं.

मोकळेपणाने, सगळ्यांच्या संमतीने हा खेळ होऊ शकतो याचंही उदाहरण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनच्या कॅफे रॉयलमध्ये पॅडी पॉवर या बेटिंग कंपनीने स्ट्रिप पोकरची स्पर्धा भरवली. १९५ जण खेळले, बक्षीस दहा हजार पौंड. काय खेळणार आहोत हे माहीत असूनच प्रत्येक जण नाव नोंदवून आला होता.

आपल्याकडे या खेळाचं नाव काढलं की कुणीतरी वस्त्रहरण म्हणतंच. ती आठवण मी हसण्यावारी नेणार नाही. द्रौपदीने सभेत विचारलं होतं की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःचाच उरला नाही तो मला पणाला कसा लावणार? तुमच्या टेबलावरही हाच प्रश्न लागू होतो. जोडप्यातल्या एकाने दोघांच्या वतीने 'हो, आम्ही खेळतो' म्हटलं तर ते धरू नका. दोघांना वेगवेगळं विचारा. आणि ऑफिसचा ग्रुप म्हणताय, तर त्यात कुणाचा टीम लीड किंवा मॅनेजर असेल तर हा बेत सरळ सोडून द्या. वर्षाचं अप्रेझल ज्याच्या हातात आहे त्याला मोकळेपणाने 'नको' म्हणता येत नाही.

फोनबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये प्रिन्स हॅरी लास व्हेगासच्या हॉटेलात मित्रमंडळींबरोबर असाच कपड्यांच्या पैजेवर बिलियर्ड्स खेळत होता. खोलीतल्याच कुणीतरी फोटो काढले आणि काही दिवसांत ते जगभर गेले. राजवाड्याला ते थांबवता आले नाहीत, तर तुम्हाआम्हाला काय थांबवता येणार? आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ अशा फोटोंना लागू होऊ शकतं. फोटो बाईचा असेल आणि काढायला तिचा होकार होता पण पसरवायला नव्हता, तरी कलम ७७ नुसार पसरवणं गुन्हाच आहे. पण कायदा येतो फोटो पसरल्यावर. म्हणून खेळ सुरू होण्याआधी सगळे फोन दुसऱ्या खोलीत, स्मार्ट वॉचसकट. दारूही बेताची ठेवा, कारण नशेतल्या 'हो'ला काही अर्थ नसतो.

सहापैकी दोघांना पोकर येत नसेल तर तीन पत्ती खेळा. चिप्सचे, कपडे सोडवून घेण्याचे आणि थांबण्याचे नियम तसेच ठेवायचे. 'पॅक' म्हणणं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे नवख्यालाही हात टाकून द्यायला संकोच वाटत नाही. फक्त ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघता चाल खेळणं, बंद ठेवा, कारण त्यात पत्ते बघून खेळणाऱ्याला दुप्पट चाल भरावी लागते आणि त्याच्या दहा चिप्स बघता बघता संपतात.