एमएस, जनुकं आणि काढे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएस. यात आपल्याच रोगप्रतिकारक पेशी मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करतात. यातल्या जनुकांबद्दल तेच ते प्रश्न सारखे येतात, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

आईला एमएस आहे. मी २४ वर्षांची. मलाही होणारच का?

‘होणारच’ हे डोक्यातून काढा. हा एका जनुकाचा आजार नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत जोखमीशी जोडलेले २३३ जनुकीय फरक आहेत आणि एकेकाचा वाटा बहुधा किरकोळच. जनुकं अगदी सारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला एमएस असेल, तर दुसऱ्याला तो साधारण चारांतल्या एका जोडीतच होतो. तुमचा धोका शेकडा दोन-तीनच्या घरात. सिगारेट ओढत असाल तर सोडा. तरीही मन धास्तावत असेल तर जनुकीय समुपदेशकाला भेटा.

ऑनलाइन मागवलेल्या लाळेच्या किटमध्ये ‘एचएलए-डीआरबी१*१५:०१’ आढळलं. एमआरआय करू का?

काही त्रास नसेल तर नको. या जनुकप्रकारामुळे एमएसचा धोका तिपटीच्या आसपास वाढतो, पण ते असलेल्या बहुतेकांना एमएस कधीच होत नाही. किट विकणारे पहिली गोष्ट ठळक छापतात, दुसरी नाही.

यजमानांना एमएस निघाला. प्रतिकारशक्ती कमी पडली असं सगळे म्हणतात. गुळवेलीचा काढा आणि इम्युनिटी बूस्टर चालू केलं आहे. इंजेक्शन महिनाभर थांबवलं तर चालेल का?

चालणार नाही. आणि हे ‘सगळे’ कोण? त्यांच्यातल्या एकाने तरी यजमानांचा एमआरआय पाहिलाय का?

नीट समजून घ्या. एमएसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, तिला आवर राहत नाही. शरीरात नियामक टी-पेशी असतात. फॉक्सपी३ हे जनुक चालू राहिलं तरच त्या आपलं काम करतात, म्हणजे इतर पेशींना ‘पुरे’ म्हणतात. एमएसच्या रुग्णांत या पेशी मोजायला गेलं तर पुरेशा भरतात, पण त्यांची दाबून धरण्याची ताकद कमी दिसते. ब्रेक ढिला झालेल्या गाडीला बूस्टर देऊन काय होणार?

बरं, एखादा रेणू बंद केला की प्रश्न सुटला, असंही नाही. टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू. तो रोखणाऱ्या औषधांनी सांधेवाताच्या रुग्णांना आराम पडतो. तसंच एक औषध एमएसमध्ये वापरून पाहिलं, तर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटके, म्हणजे आजार अचानक उफाळून येण्याचे प्रसंग, उलट वाढलेले दिसले. निष्णात संशोधकांचीही जिथे फसगत होते, तिथे डब्यावरच्या जाहिरातीवर विसंबता?

गुळवेलीचं म्हणाल, तर २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. इजेचं स्वरूप स्वयंप्रतिकारी आजारासारखं, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच शरीरावर हल्ला केल्यासारखं होतं. आयुष मंत्रालयाला हे मान्य नाही. ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच बिथरलेली आहे, त्याने त्या वादाचा निकाल स्वतःच्या यकृतावर लावून घेऊ नये. एमएसची काही औषधं मध्येच सोडली की आजार उसळतो. काढ्याची बाटली आणि बूस्टरचा डबा घेऊन याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टला भेटा. एमएसच्या काही औषधांनीही यकृतावर ताण येतो, तेव्हा एलएफटीचं, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीचं त्यांना विचारा.

वर्षभर एमएसवरचं इंटरफेरॉनचं इंजेक्शन घेऊनही झटके येतात. औषध लागू पडतं की नाही, हे जनुकांवरून कळतं म्हणे?

काही अंशी. इंजेक्शननंतर काही तासांत रक्तपेशींतलं एमएक्सए जनुक जोरात चालू व्हायला हवं. ते झालं नाही, तर शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडं बनवली असण्याची शक्यता असते. पण ही चाचणी सर्रास होत नाही. त्याआधी विचारा, एक्वापोरिन-४ विरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी झाली आहे का? तिच्यावरून कळणारा एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हा आजार एमएससारखाच भासतो आणि इंटरफेरॉनने बिघडू शकतो. एमआरआयच्या जुन्या सगळ्या फिल्म घेऊन जा.

‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी रोज घेऊ का? जनुकं सुधारतात असं वाचलं.

रोज? मुळीच नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडतात. पातळी तपासा, डोस डॉक्टर ठरवतील.

तीन दिवसांपासून एका डोळ्याने धूसर दिसतं, डोळा हलवला की दुखतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल का?

उत्तराची वाट कशाला पाहत बसलात? हा डोळ्याच्या चेतातंतूचा दाह असू शकतो आणि एमएसची सुरुवात कधीकधी अशीच होते. आजच नेत्रतज्ज्ञाकडे जा.