आनंदाचे गीत म्हणवत नाही, म्हणून विश्वास उणा ठरत नाही

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील असून रविवारी बेळगावात चर्चमधील मराठी उपासनेला जाते. यजमान वारल्यापासून झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही. डॉक्टरांनी नैराश्य असल्याचे सांगून गोळ्या सुरू केल्या आहेत. मंडळीतील काही जण मात्र म्हणतात, की विश्वास असेल तर गोळ्या कशाला, स्तुतिगीते ऐकत राहा. त्यामुळे रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर गीते लावून ठेवते. परंतु आनंदाचे गीत लागले की रडू कोसळते आणि माझाच विश्वास कमी पडतो असे वाटते. मी काय करावे?
— एक भगिनी

उत्तर : भगिनी, आधी गोळ्यांविषयी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नका. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसू लागायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, आणि ती एकाएकी सोडल्यास चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होऊ शकतात. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याच्या विश्वासाची कोणी झडती घेत नाही. आपल्या विश्वासाचीही घेऊ नये.

गीतांचा आधार मात्र खरा आहे. बायबलमधील १ शमुवेल या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात दावीद वीणा वाजवी तेव्हा शौल राजाला स्वस्थता लाभे, असे सांगितले आहे. पण त्याच पुस्तकाच्या १८व्या अध्यायात दावीद वीणा वाजवत असतानाच शौलाने त्याच्यावर भाला फेकला. वाद्य तेच, वाजवणारा तोच, तरी तेवढ्याने शौल सावरला नाही. ‘नुसती गीते पुरेत’ असे सांगणाऱ्यांनी हे दोन्ही अध्याय एकत्र वाचावेत, असे मला कळकळीने वाटते.

शिवाय देवापुढे आनंदाचेच गीत म्हटले पाहिजे, असे शास्त्रात कोठेही नाही. ४२व्या स्तोत्राचा कर्ता ‘खिन्न का झालास’ असे आपल्याच जिवाला विचारतो, आणि ८८वे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते. तरीही ही दोन्ही स्तोत्रे उपासनेतच गायिली गेली. तेव्हा आपले रडू हा अविश्वास नव्हे. सध्या उल्हासाची गीते बाजूला ठेवा आणि ज्यांत दुःख मोकळेपणाने मांडलेले आहे अशी निवडा.

ऐकण्यापेक्षा म्हणण्याचा गुण अधिक. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग आणि ओवी दिली, म्हणून आपली पुष्कळ गीते भजनाच्या संथ वळणाची आहेत. असे गीत म्हणताना ओळीच्या शेवटचा स्वर लांबवला की उच्छ्वास लांबतो, हळूहळू नाडी मंदावते आणि छातीतली धडधड निवते. चारचौघांत म्हटले तर एकटेपणही थोडे सरते. म्हणून रविवारी मागच्या बाकावर न बसता पेटीजवळ, गायनमंडळाच्या आसपास बसा. शब्द फुटले नाहीत तर नुसते बसा, इतरांचा आवाज कानी पडू द्या. तीही उपासनाच आहे.

रात्रभर मोबाईल चालू ठेवणे मात्र सोडा. झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी झोप आणि भाकर मिळू दिली (१ राजे १९), उपदेश त्यानंतरचा. निजण्यापूर्वी एक-दोन गीते स्वतः म्हणा, मग मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. तरीही झोप लागत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा.

पाळकसाहेबांना हे पत्र दाखवा आणि मंडळीत गोळ्यांविषयी जे बोलले जाते ते त्यांच्या कानावर घाला. दुःखात असलेल्या स्त्रीने हे एकटीने ऐकून घ्यावे, हे मला पटत नाही. दोन-तीन महिन्यांत उतार पडला नाही, तर धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत दाखवण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोला. आणि जगणे नको असा विचार एकदा जरी मनात आला, तरी सकाळची वाट न पाहता घरच्यांना उठवा आणि १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालू असते.